बॅकअपसाठी टेप ड्राइव्ह घ्यायचाय? परवडणारा आणि भरवशाचा कसा निवडायचा

टेप ड्राइव्ह (चुंबकीय टेपवर डेटा लिहिणारं आणि वाचणारं यंत्र) घ्यायचं ठरलं की बहुतेक जण आधी ड्राइव्हची किंमत बघतात आणि तिथेच गणित बिघडतं, कारण नुसता ड्राइव्ह घेऊन काहीच होत नाही. त्याला कार्ड लागतं, केबल लागते, टेपा लागतात, साफसफाईची टेप लागते, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सात-आठ वर्षांनी हाच ड्राइव्ह बंद पडला तर त्या टेपा वाचायला दुसरा ड्राइव्ह सहज मिळाला पाहिजे. तो मिळणार नसेल तर ड्राइव्ह कितीही स्वस्त असू दे, तो महागच पडणार. त्यामुळे खाली जे सांगतोय ते सगळं डेटा परत मिळवायच्या बाजूने विचार करून सांगतोय. टेपवर लिहिणं कुठलाही चालू ड्राइव्ह करेल हो, वाचायची वेळ येते तेव्हा खरी परीक्षा असते.

आधी हे बघा की तुम्हाला टेप लागते का. माझं स्पष्ट मत आहे की एकूण डेटा १०-१५ टीबीच्या आत असेल तर टेपच्या नादी लागू नका, दोन-तीन मोठ्या हार्ड डिस्क घ्या, आलटून पालटून बॅकअप घ्या, एक डिस्क दुसऱ्या जागी ठेवा, काम झालं. टेपचं वैशिष्ट्य असं की ड्राइव्ह महाग आणि टेप स्वस्त, म्हणजे सुरुवातीचा खर्च मोठा आणि पुढचा प्रत्येक टीबी कमी पैशात. त्यामुळे डेटा जितका जास्त आणि प्रती जितक्या जास्त तितकी ती परवडत जाते. व्हिडिओचं काम करणारे, फोटोग्राफर, छोटी ऑफिसं, लॅब, जुने रेकॉर्ड डिजिटल करणारे, घरी मोठा सर्व्हर चालवणारे, अशांना २०-३० टीबीच्या पुढे गेल्यावर टेपचा हिशोब जमायला लागतो. आणि प्रत्येकाने स्वतःचा हिशोब कागदावर मांडावा: ड्राइव्ह अधिक कार्ड अधिक केबल अधिक सगळ्या प्रतींना पुरतील इतक्या टेपा, हे सगळं एकूण टीबीने भागायचं आणि तितक्याच प्रती हार्ड डिस्कवर ठेवल्या असत्या तर किती लागले असते त्याच्याशी ताडून बघायचं. पाच मिनिटांत कळतं.

पैशाव्यतिरिक्त टेपची एक बाजू आहे जी मला फार मोलाची वाटते. ड्राइव्हमधून काढून कपाटात ठेवलेली टेप कुठल्याच कॉम्प्युटरला जोडलेली नसते, त्यामुळे रॅन्समवेअर (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आला, कोणी चुकून सगळं डिलीट केलं, सॉफ्टवेअरमधल्या बगने डेटा खाल्ला, तरी त्या टेपला काही होत नाही. २०११ च्या फेब्रुवारीत जीमेलमध्ये अगदी असंच झालं होतं, एका सॉफ्टवेअर अपडेटमधल्या बगमुळे काही लोकांचे मेल गायब झाले आणि ऑनलाइन ठेवलेल्या प्रतींवरही त्याचा परिणाम झाला, तेव्हा गुगलने ते मेल शेवटी टेपवरून परत आणले. इतक्या मोठ्या कंपनीला टेप कामाला आली, यावरून समजा.

कुठला प्रकार घ्यायचा

याचं उत्तर एकच, एलटीओ (टेपच्या एका मानकाचं नाव). बाकी काही घेऊ नका. सेकंडहँड बाजारात डीडीएस, डॅट, ट्रॅव्हन, डीएलटी, एआयटी असले जुने ड्राइव्ह अगदी किरकोळ पैशात दिसतात आणि मोह होतो, पण डॅट-७२ ची टेप ३६ जीबीची, डॅट-१६० ची ८० जीबीची, आज एका मोबाइलमध्ये त्याच्यापेक्षा जास्त डेटा असतो. शिवाय त्या फॉरमॅटची वाट तिथेच संपली, पुढची पिढी नाही, नव्या टेपा मिळणं मुश्किल. ते ड्राइव्ह फक्त एकाच कामासाठी घ्यावेत, घरात किंवा ऑफिसात तसल्या जुन्या टेपा पडलेल्या आहेत आणि त्यातला डेटा बाहेर काढायचाय.

एलटीओ हे मानक एचपी, आयबीएम आणि सीगेट यांनी मिळून आणलं, पहिली पिढी २००० साली आली. एका कंपनीच्या मालकीचं नसल्यामुळे एका कंपनीच्या ड्राइव्हवर लिहिलेली टेप दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हमध्ये चालते, आणि हाच भरवशाचा खरा पाया आहे. आज एलटीओ टेप बनवणाऱ्या कंपन्या दोनच उरल्यात, फुजीफिल्म आणि सोनी, डब्यावर नाव कोणाचंही असो. ड्राइव्हचंही तसंच होत गेलंय, नव्या पिढ्यांमध्ये वरून लेबल वेगवेगळी पण आतला ड्राइव्ह आयबीएमचा, त्यामुळे नव्या ड्राइव्हमध्ये ब्रँडवरून फार डोकेफोड करण्यात अर्थ नाही, वॉरंटी आणि सर्व्हिस कोण नीट देतं तेवढं बघा.

आता पिढ्या. एलटीओ-४ (२००७) ८०० जीबी, एलटीओ-५ (२०१०) दीड टीबी, एलटीओ-६ (२०१२) अडीच टीबी, एलटीओ-७ (२०१५) ६ टीबी, एलटीओ-८ (२०१७) १२ टीबी, एलटीओ-९ (२०२१) १८ टीबी आणि एलटीओ-१० (२०२५) ३० टीबी. हे आकडे कॉम्प्रेशनशिवायचे आहेत आणि तुम्ही फक्त हेच धरायचे. डब्यावर मोठ्या अक्षरात जे लिहिलेलं असतं, एलटीओ-६ वर ६.२५ टीबी, एलटीओ-८ वर ३० टीबी वगैरे, ते डेटा अडीच पट दाबला जाईल असं गृहीत धरून छापलेलं असतं. फोटो, व्हिडिओ, एमपीथ्री, झिप फाइल हे सगळं आधीच दाबलेलं असतं, ते टेपवर जाताना अजून दाबलं जात नाही, म्हणजे अडीच टीबीच्या टेपवर अडीच टीबीच बसणार. जाहिरातीत लिहिलेला आकडा विक्रेत्याला विचारून घ्या की बाबा हा नेटिव्ह आहे का कॉम्प्रेस्ड.

दुसरी गोष्ट कोण काय वाचतं. एलटीओ-७ पर्यंत नियम सोपा होता, ड्राइव्ह दोन पिढ्या मागची टेप वाचतो आणि एक पिढी मागच्या टेपवर लिहितोसुद्धा. म्हणजे एलटीओ-६ चा ड्राइव्ह ४, ५, ६ वाचतो आणि ५, ६ वर लिहितो, एलटीओ-७ चा ड्राइव्ह ५, ६, ७ वाचतो. एलटीओ-८ पासून हे बदललं, तो फक्त ७ आणि ८ घेतो, ९ फक्त ८ आणि ९, आणि १० तर मागचं काहीच घेत नाही. हे नीट लक्षात ठेवा कारण लोक एलटीओ-६ च्या टेपांचा ढीग असताना एलटीओ-८ चा ड्राइव्ह मागवतात आणि मग कळतं की एकही टेप वाचता येत नाही.

मग घ्यायचं काय? कमी बजेटमध्ये माझी पहिली पसंती सेकंडहँड एलटीओ-६, ते जमत नसेल तर एलटीओ-५. एलटीओ-४ आता नको, अगदीच फुकट मिळत असेल आणि शिकण्यापुरता हवा असेल तर ठीक, कारण त्यात एलटीएफएस चालत नाही (ते पुढे सांगतो) आणि टेप लहान पडते. एलटीओ-५ आणि ६ चे ड्राइव्ह मोठ्या कंपन्यांनी अपग्रेड करताना भरपूर बाहेर काढलेत, त्यामुळे बाजारात माल आहे, आणि या टेपा वाचू शकणारे एलटीओ-७ चे ड्राइव्हही भरपूर आहेत, म्हणजे उद्या आपला ड्राइव्ह गेला तर डेटा परत मिळवायचे दोन मार्ग उघडे राहतात. डेटा जास्तच असेल तर एलटीओ-७ किंवा ८ बघा. नवीन ड्राइव्ह घ्यायचा असेल तर तो सेकंडहँडच्या कितीतरी पट पडतो, पण वॉरंटी मिळते, आणि धंद्याचा डेटा असेल, बंद पडल्यावर कोणीतरी उत्तर द्यायला हवं असेल, तर तो खर्च मला रास्त वाटतो.

टेपांची संख्या मोजून बघा, मग पिढी ठरवणं सोपं जातं. समजा ४० टीबी डेटा आहे. एलटीओ-५ वर एका प्रतीला २७ टेपा, एलटीओ-६ वर १६, एलटीओ-७ वर ७, एलटीओ-८ वर ४. दोन प्रती ठेवायच्या म्हणजे दुप्पट. २७ टेपा एकेक करून हाताने बदलायच्या म्हणजे प्रत्येक टेपला साधारण तीन तास धरून सगळं मिळून ८० तासांचं काम, आणि त्यातला प्रत्येक बदल तुम्हाला तिथे जाऊन करायचाय. जो बॅकअप घ्यायला कंटाळा येतो तो हळूहळू घेतलाच जात नाही, त्यामुळे एका पूर्ण बॅकअपला आठ-दहापेक्षा जास्त टेपा लागत असतील तर एक पिढी वर जायचा विचार करा, पैसे थोडे जास्त गेले तरी.

जोडायचं कसं, इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात

टेप ड्राइव्ह यूएसबीवर लावता येईल असं समजून लोक घेतात. यूएसबी आणि थंडरबोल्टचे एलटीओ ड्राइव्ह आहेत बाजारात, पण महाग असतात आणि सेकंडहँडमध्ये क्वचित दिसतात. बाकी सगळे ड्राइव्ह जोडणीच्या पद्धतीवरून तीन प्रकारचे, जुनी स्कझी, एसएएस आणि फायबर चॅनल. तुम्ही एसएएस घ्या. जुन्या जाड केबलची स्कझी एलटीओ-४ पर्यंतच्या ड्राइव्हमध्ये दिसते, तिची कार्डं आजच्या मदरबोर्डमध्ये बसवणं, केबलच्या टोकाला लावायचा टर्मिनेटर शोधणं हा वेगळाच ताप आहे. फायबर चॅनलचे ड्राइव्ह पुष्कळदा सगळ्यात स्वस्त मिळतात कारण घरगुती लोक त्यांना हात लावत नाहीत. फायबर चॅनलचं कार्ड आणि ऑप्टिकल केबल घेतली तर मध्ये स्विच नसतानाही ड्राइव्ह सरळ जोडता येतो, पण पहिल्यांदाच टेपच्या वाट्याला जाताय तर हे करू नका.

एसएएस ड्राइव्ह मदरबोर्डच्या साटा पोर्टवर (जिथे साधी हार्ड डिस्क लागते) चालत नाही. उलटं चालतं, म्हणजे एसएएस कार्डवर साटा डिस्क चालते, पण साटा पोर्टवर एसएएस ड्राइव्ह नाही, मग बाजारातलं कुठलंही कन्व्हर्टर लावा. त्यामुळे वेगळं एसएएस एचबीए कार्ड (ड्राइव्ह कॉम्प्युटरला जोडणारं साधं कार्ड) लागणारच. एलएसआयची ९२००, ९२०७, ९३०० या मालिकेतली कार्डं सेकंडहँड सहज मिळतात आणि लिनक्समध्ये आपोआप ओळखली जातात. नावाच्या शेवटी ८आय असेल तर पोर्ट कॅबिनेटच्या आत, ८ई असेल तर मागे बाहेर. म्हणजे एक्स्टर्नल ड्राइव्हला ८ई, इंटर्नलला ८आय. रेड (RAID, म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवणारं) कार्ड घेऊ नका, बरीचशी रेड कार्डं टेप ड्राइव्हला नीट पुढे जाऊच देत नाहीत, साधं एचबीए किंवा आयटी मोडचं (म्हणजे रेडशिवायचं) फर्मवेअर टाकलेलं कार्ड पाहिजे, विकणाऱ्याला हे स्पष्ट विचारा. आणि ते कार्ड मदरबोर्डवर बसेल असा पीसीआय एक्सप्रेसचा मोकळा लांब स्लॉट आहे का तेही आधी बघून ठेवा.

केबलचं टोक बघून घ्या. एलटीओ-५, ६ च्या काळातल्या एक्स्टर्नल ड्राइव्हला मागे साधारण एसएफएफ-८०८८ पोर्ट असतो, नव्यांना एसएफएफ-८६४४. कार्डाचं एक टोक आणि ड्राइव्हचं दुसरं टोक, दोन्हींचे फोटो समोर ठेवून मगच केबल मागवा. इंटर्नल ड्राइव्हला एसएफएफ-८४८२ लागतं, ज्यात डेटा आणि पॉवर एकाच चपट्या कनेक्टरमध्ये असतात आणि पॉवरची वायर त्याच केबलमधून बाहेर निघते.

इंटर्नल घ्यावा का एक्स्टर्नल? जागा आणि बजेट असेल तर एक्स्टर्नल. त्याला स्वतःची पॉवर सप्लाय आणि पंखा असतो आणि टेप ड्राइव्हला हवा लागते, नुसती थोडीफार नाही, सतत वाहती हवा लागते. इंटर्नल हाफ-हाइट ड्राइव्ह जुन्या डीव्हीडी ड्राइव्हच्या एका खणात बसतो, फुल-हाइटला दोन खण लागतात, आणि हल्लीच्या कॅबिनेटमध्ये तसा खणच नसतो ही पहिली अडचण, असलाच तर तिथून हवा खेळत नाही ही दुसरी. इंटर्नल घेतलात तर समोरून किंवा मागून एक पंखा त्याच्यावर सोडाच. टेप लायब्ररीमधून (टेपा आपोआप बदलणाऱ्या मोठ्या यंत्रातून) काढलेले ड्राइव्ह पण स्वस्तात दिसतील, लोखंडी ट्रेमध्ये बसवलेले, समोरची पट्टी नाही, पंखा नाही. ते लायब्ररीच्या हुकमावर चालायला बनवलेले असतात आणि कधीकधी एकटे जोडल्यावर नीट वागत नाहीत. असा ड्राइव्ह एकटा चालवून दाखवल्याशिवाय घेऊ नका.

वेग, म्हणजे टेपला उपाशी ठेवू नका

बऱ्याच जणांना वाटतं टेप म्हणजे हळू. सलग लिहिण्यात टेप हार्ड डिस्कच्या बरोबरीने किंवा पुढेच पळते, एलटीओ-५ सेकंदाला १४० एमबी, एलटीओ-६ १६०, एलटीओ-७ ३००, एलटीओ-८ ३६०, एलटीओ-९ ४००. अडचण उलटी आहे, तुमचा कॉम्प्युटर तेवढ्या वेगाने डेटा देऊ शकतो का. डेटा कमी पडला की ड्राइव्हला टेप थांबवावी लागते, मागे घ्यावी लागते, परत वेग घेऊन पुढे लिहावं लागतं, आणि हे पुढे-मागे सतत होत राहिलं की बॅकअप तर रखडतोच, शिवाय टेप आणि हेड (टेपवर लिहिणारा-वाचणारा भाग) दोन्ही झिजतात. एलटीओ ड्राइव्ह स्वतःचा वेग थोडा कमी करून घेतो, पण त्याला खालची मर्यादा आहे, साधारण पूर्ण वेगाच्या एक तृतीयांश. म्हणजे एलटीओ-६ ला किमान ५०-५५ एमबी आणि एलटीओ-७ ला साधारण १०० एमबी सेकंदाला सतत मिळायलाच हवेत.

आता साधं गिगाबिट नेटवर्क सगळं जुळून आलं तर सेकंदाला ११० एमबी देतं. एकटी हार्ड डिस्क मोठ्या फाइल वाचताना दीडशेच्या पुढे जाते, पण लाखभर छोट्या फाइल असतील तर तिचा वेग पार कोसळतो. म्हणून एलटीओ-५ किंवा ६ साध्या सेटअपला चांगला झेपतो आणि एलटीओ-८ साठी चांगला रेड किंवा एसएसडी असल्याशिवाय उपयोग नाही. छोट्या फाइल असतील तर त्यांच्या आधी मोठ्या टार फाइल (अनेक फाइलींचा एकच गठ्ठा) बनवून एसएसडीवर ठेवा आणि तिथून टेपवर टाका. लिनक्समध्ये एमबफर नावाचा छोटा प्रोग्राम आहे, तो रॅममध्ये काही जीबी डेटा साठवून मग टेपला सलग धार सोडतो, टारच्या पुढे हा लावला की टेप थांबण्याचं प्रमाण खूप कमी होतं. ड्राइव्हजवळ बसून आवाज ऐका, एकसारखी घरघर असेल तर सगळं ठीक, दर काही सेकंदांनी थांबून उलटा फिरल्यासारखा आवाज येत असेल तर डेटा कमी पडतोय.

सेकंडहँड ड्राइव्ह तपासायचा कसा

ड्राइव्ह चालू होतो, दिवे लागतात, एवढ्यावर अजिबात समाधान मानू नका. टेप ड्राइव्हमध्ये झिजणारी गोष्ट हेड आहे, आणि झिजलेलं हेड बाहेरून कळत नाही. पण ड्राइव्ह स्वतःच सगळा इतिहास लिहून ठेवतो, आयुष्यभरात किती टेपा लोड झाल्या, किती तास चालू होता, किती तास टेप प्रत्यक्ष फिरत होती, किती मीटर टेप हेडवरून गेली, किती वेळा साफसफाई झाली. लिनक्समध्ये एसजी-युटिल्सच्या पॅकेजमधला एसजी-लॉग्ज हा कमांड हे आकडे काढून देतो. आयबीएमच्या ड्राइव्हसाठी आयटीडीटी आणि एचपीच्या ड्राइव्हसाठी लायब्ररी अँड टेप टूल्स नावाची निदानाची टूल आहेत, त्यात ड्राइव्हची पूर्ण टेस्ट होते आणि रिपोर्ट मिळतो. विक्रेत्याकडे हा रिपोर्ट मागा. गंभीर विक्रेता देतो. देत नसेल तर परत घ्यायची अट लेखी घ्या आणि ड्राइव्ह हातात आल्यावर त्या मुदतीतच सगळ्या टेस्ट उरका, डबा कोपऱ्यात ठेवून देऊ नका.

आकडे वाचताना चालू तासांपेक्षा टेप फिरल्याचे तास आणि मीटर महत्त्वाचे. ड्राइव्ह पाच वर्षं रॅकमध्ये नुसता चालू होता आणि टेप फार कमी फिरली असं पुष्कळदा असतं, आणि असा ड्राइव्ह चांगला सौदा असतो. उलट साफसफाईचा आकडा लोडच्या मानाने फारच मोठा दिसला तर सावध व्हा, एकतर धुळीत होता किंवा हेड कुरकुर करतंय.

मग खरी चाचणी: एक कोरी करकरीत टेप घ्या, वापरलेली नाही, आणि ती पहिल्या मीटरपासून शेवटपर्यंत पूर्ण भरा. दहा-वीस जीबी लिहून थांबू नका. एलटीओमध्ये टेप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते, मग हेड थोडं सरकतं आणि ती उलटी येते, असं एलटीओ-५ मध्ये ८० वेळा आणि एलटीओ-६ मध्ये १३६ वेळा होतं, तेव्हा कुठे टेप भरते. थोडंच लिहिलं तर टेपच्या रुंदीचा एखादाच पट्टा तपासला जातो. पूर्ण भरल्यावर परत पूर्ण वाचा आणि चेकसम (फाइलीवरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळवा. आणि किती डेटा बसला तेही बघा. ड्राइव्ह लिहिता लिहिता लगेच वाचून खात्री करतो आणि जिथे चूक सापडते तो तुकडा पुढे परत लिहितो, त्यामुळे न दाबता येणारा डेटा टाकूनही टेप आधीच संपत असेल, म्हणजे अडीच टीबीच्या टेपवर दोनच बसत असतील, तर समजायचं की ड्राइव्ह धडपडत लिहितोय, एररचा मेसेज आला नसला तरी. जमलं तर तीच टेप दुसऱ्या एखाद्या ड्राइव्हवर वाचून बघा, मित्राकडे, ओळखीच्या ऑफिसात, कुठेही. स्वतःचं लिहिलेलं स्वतः वाचणारा पण दुसऱ्याला न वाचता येणारा ड्राइव्ह असू शकतो, आणि तसला ड्राइव्ह बंद पडला की त्याच्यासोबत सगळ्या टेपा गेल्या.

टेपा

ड्राइव्ह सेकंडहँड चालेल, टेपा शक्यतो नव्या घ्या. बचत करायची जागा ही नाही. वापरलेल्या घ्यायच्याच असतील तर प्रत्येक टेपमध्ये एक छोटी चिप असते, तिच्यात टेप किती वेळा लोड झाली, किती डेटा लिहिला-वाचला, किती एरर आले ते असतं, वरच्याच टूलमधून ते वाचून मग ठरवा. आणि एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा, चुंबकाने पुसलेली एलटीओ टेप कायमची निकामी होते. कारखान्यात टेपवर सर्व्होच्या खुणा लिहिलेल्या असतात, हेड त्यांच्या आधारानेच रांगेत राहतं, चुंबकाने त्या पण पुसल्या जातात आणि कुठलाच ड्राइव्ह त्या परत लिहू शकत नाही. कंपन्यांनी सुरक्षेसाठी पुसून विकलेल्या टेपांचे गठ्ठे स्वस्तात दिसले तर कशा पुसल्या ते आधी विचारा.

एलटीओ-९ च्या टेपा घेणाऱ्यांसाठी, नवी टेप पहिल्यांदा टाकली की ड्राइव्ह ती स्वतःशी जुळवून घेतो, त्याला दोन तासांपर्यंत लागू शकतात. ड्राइव्ह अडकला असं समजून बंद करू नका. प्रत्येक टेपला एकदाच होतं.

साफसफाईची टेप एक घेऊन ठेवा, साधारण ५० वेळा चालते. पण ती ड्राइव्हने मागितली तरच घालायची, आयबीएमच्या ड्राइव्हवर सी अक्षर येतं, एचपीवर क्लीनचा दिवा लागतो. दर आठवड्याला सवयीने घालू नका, ती हेडला घासतेच, उगाच आयुष्य कमी होतं.

नीट ठेवलेल्या टेपचं आयुष्य १५ ते ३० वर्षं धरतात. नीट म्हणजे कोरडी, थंड, बिनधुळीची जागा, साधारण १६ ते २५ अंश, दमटपणा पन्नास टक्क्यांच्या आत, टेप डब्यात आणि उभी. खाली पडली तर आतली छोटी पिन, जिला धरून ड्राइव्ह टेप ओढतो, ती जागची हलू शकते, त्यामुळे पडलेली टेप दार उघडून बघितल्याशिवाय ड्राइव्हमध्ये घालू नका, नाहीतर टेपसोबत ड्राइव्हही जाईल. थंड जागेतून आणलेली टेप खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि मगच वापरा.

सॉफ्टवेअर

इथे माझं मत ठाम आहे, साधं आणि सगळीकडे वाचता येईल असं वापरा. लिनक्सवर टार आणि एमटी (टेप मागे-पुढे नेणारी) या दोन कमांडवर सगळं भागतं. फक्त एसटी-झिरो आणि एनएसटी-झिरो या एकाच ड्राइव्हच्या दोन नावांतला फरक समजून घ्या, पहिल्या नावाने वापरलं की काम संपल्यावर टेप आपोआप सुरुवातीला जाते, दुसऱ्याने जिथे आहे तिथेच थांबते. एका टेपवर एकामागून एक बॅकअप टाकायचे असतील आणि चुकून पहिलं नाव वापरलं तर दुसरा बॅकअप पहिल्याच्या डोक्यावर लिहिला जाईल.

एलटीएफएस एलटीओ-५ पासून चालतं, त्यात टेप पेनड्राइव्हसारखी फोल्डरमध्ये दिसते आणि फाइल ओढून टाकता येतात, आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीकडे तीच टेप उघडते, म्हणून दुसऱ्याला डेटा द्यायचा असेल तर उत्तम. फक्त डिलीट केलेल्या फाइलची जागा परत मिळत नाही, आणि टेपवर इकडची एक फाइल तिकडची एक फाइल असं उघडत बसलात तर प्रत्येक वेळी मिनिटभर थांबायची तयारी ठेवा. टेपा जास्त असतील आणि कुठली फाइल कुठल्या टेपवर आहे याची नोंद आपोआप हवी असेल तर बॅक्युला किंवा बॅरिओस बघा, शिकायला वेळ लागतो पण फुकट आहेत. विंडोजवाल्यांनी हे लक्षात घ्या की विंडोज सर्व्हर बॅकअपमध्ये टेपचा सपोर्ट २००८ च्या आवृत्तीपासून नाही, त्यामुळे वेगळं सॉफ्टवेअर लागेल, आणि त्याचा खर्च सुरुवातीच्या हिशोबात धरा.

एलटीओ-४ पासून ड्राइव्हमध्येच एन्क्रिप्शनची सोय आहे, वेग कमी होत नाही. टेप घराबाहेर किंवा ऑफिसाबाहेर जाणार असेल तर वापराच. पण किल्ली टेपवर नसते, ती तुम्ही सांभाळायची, तिची छापील प्रत दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, कारण किल्ली हरवली तर तो डेटा कोणीच काढून देऊ शकत नाही.

टेपा लिहून झाल्या की लाल खटका सरकवून त्या लॉक करा, म्हणजे चुकून वरून लिहिलं जाणार नाही. प्रत्येक टेपच्या डब्यात एक कागद घाला: तारीख, कुठल्या ड्राइव्हवर लिहिली, कुठलं सॉफ्टवेअर, टार असेल तर ब्लॉक साइझ (एका वेळी लिहिलेल्या तुकड्याचा आकार) किती, एन्क्रिप्शन आहे का, आणि फाइलची यादी कुठे ठेवलीय. एक संच दुसऱ्या इमारतीत ठेवा. आणि दर सहा महिन्यांनी कुठलीही एक टेप काढून तिच्यातलं एखादं फोल्डर दुसऱ्या कॉम्प्युटरवर परत उतरवून उघडून बघा, शक्य असेल तर हे काम ज्याने बॅकअप घेतलाय त्याने न करता दुसऱ्या कोणीतरी फक्त तो कागद वाचून करावं, कागदात काय लिहायचं राहिलंय ते तेव्हा कळतं, आणि ते लगेच पेनाने त्यावर लिहून टाका.